पाठमोरा आवाज

गेल्या शैक्षणिक वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला ५५ इंची टीव्ही मिळाला. तालुक्याच्या गावातल्या कला शाखेला अशी वस्तू मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. प्राचार्यांच्या हस्ते नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी मी एम.ए.च्या वर्गाला विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचे चित्रमुद्रण दाखवायला घेतले. चित्र उत्तम होते. शेवटच्या बाकावरूनही नटाच्या कपाळावरची आठी दिसत होती. पंधरावीस मिनिटे गेली असतील, आणि मागून एका विद्यार्थ्याने अदबीने विचारले, ‘‘मॅडम, याला सबटायटल्स नाहीत का?’’

नाटक मराठी, वर्ग मराठीचा, विचारणारा मराठीत एम.ए. करणारा. मला आधी राग आला. आजच्या पिढीला ऐकण्याची सवय उरलेली नाही, मोबाइलने यांचे कान बिघडवले, वगैरे जी वाक्ये आपण शिक्षक मंडळी स्टाफरूममध्ये सहज उच्चारतो ती सगळी मनात येऊन गेली. मग खातरजमा करावी म्हणून मी स्वतःच शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आवाज येत होता. भरपूर येत होता. शब्द येत नव्हते. नाटक मला जवळपास पाठ असल्यामुळे पुढे उभी असताना मी ते ऐकत नव्हते, आठवत होते, हे मला तिथे बसल्यावर कळले. आणि हेच मुद्रण, याच पेनड्राइव्हवरून, आदल्या वर्षीच्या वर्गाला मी लॅपटॉपला जुने दोन स्पीकर जोडून दाखवले होते. तेव्हा मागच्या मुलांची तक्रार ‘दिसत नाही’ अशी होती. ‘ऐकू येत नाही’ असे कोणी म्हटले नव्हते.

या प्रश्नाचे दुसरे टोक माझ्या घरातच होते. माझ्या सासूबाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत, वय ७८. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत त्यांचे अर्धे आयुष्य गेले. घरात नवा सपाट टीव्ही आला तसा त्यांच्या हातातल्या रिमोटवरचा आकडा चढत गेला. वीस, तीस, अडतीस. मग मुलाच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून त्यांनी तो आपणहून खाली आणला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, मीच आता बहिरी झाले. तुम्ही ऐका, मी नुसती चित्रं बघते.’’ आम्ही त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. वयाच्या मानाने उंच स्वरांना कान थोडा मंदावला आहे, बाकी विशेष काही नाही, यंत्राची घाई नको, असे त्यांनी सांगितले. स्वयंपाकघरातल्या ट्रान्झिस्टरवर त्या बातम्या बेताच्या आवाजात नीट ऐकत होत्या, हे आम्ही रोज पाहत होतो. पण दोन गोष्टींची सांगड घालावी असे घरातल्या एकाही शहाण्याला सुचले नाही. वर्गातल्या त्या प्रसंगानंतर मी लॅपटॉपचे ते जुने स्पीकर घरी आणले, टीव्हीच्या हेडफोनच्या जागी जोडले आणि त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून दोन बाजूंना ठेवले. थोड्या वेळाने आवाज कमी करायला त्यांनीच सांगितले. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी बहिरी नव्हते तर.’’

वर्षभर त्या स्वतःला बहिऱ्या समजत होत्या. मी माझ्या विद्यार्थ्यांना निष्काळजी समजत होते. दोन्ही ठिकाणी चूक यंत्राची होती आणि तिचा दोष माणसाने आपल्या किंवा दुसऱ्या माणसाच्या पदरात घातला होता. आजच्या टीव्हीचा अंगचा आवाज वाईट असतो, ही तक्रार आता जुनी झाली. घरोघरी ती होते आणि विरून जाते. पण ती केवळ विजेच्या उपकरणांच्या दुकानात करायची तक्रार आहे, असे मला वाटत नाही. कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही याचा एक निर्णय त्या यंत्रात घडवलेला आहे, आणि त्या निर्णयात चित्र अगत्याचे व शब्द दुय्यम ठरला आहे. ज्यांचा सारा व्यवहार शब्दाशी आहे अशा आपण साहित्याच्या माणसांनी तरी तो निमूटपणे स्वीकारू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

थोडे यंत्राविषयी. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत मराठी घरांत जे संच आले त्यांची आठवण काढून पाहावी. लाकडाचा किंवा जाड प्लास्टिकचा खोका, काहींना सरकती दारे, आत काचेची अवजड चित्रनलिका. या नलिकेमुळे खोका खोल असे. आणि पुष्कळ संचांत पडद्याशेजारी किंवा पडद्याखाली जाळीमागे एक लंबगोल स्पीकर असे, तोंड थेट आपल्याकडे. तो काही फार उंची असे असे नाही. पण त्याच्यापाशी दोन गोष्टी होत्या : मागे हवेची पोकळी आणि समोर श्रोता. सपाट पडदा आला आणि दोन्ही गेल्या. संचाची जाडी काही सेंटिमीटरांवर आली. पडद्याभोवतीची चौकट बारीक होत होत जवळपास नाहीशी झाली. म्हणजे समोर तोंड करून स्पीकर बसवायला जागाच उरली नाही. म्हणून बहुतेक संचांत तो खालच्या कडेला जमिनीकडे तोंड करून, किंवा पाठीमागे भिंतीकडे तोंड करून बसवलेला असतो.

याचे परिणाम दोन. खर्जातला ध्वनी निर्माण करायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. चिमुकला स्पीकर आणि त्याच्यामागची अरुंद पेटी ती हलवू शकत नाही. त्यामुळे माणसाच्या आवाजातला छातीचा भाग, त्याचे वजन, नाहीसे होते. उंच कंपनांची अडचण वेगळी आहे. खर्जाचा ध्वनी अडथळ्यांना वळसा घालून खोलीभर पसरतो. उंच कंपनांचा ध्वनी पुष्कळसा प्रकाशाच्या झोतासारखा सरळ जातो. झोताचे तोंडच खाली टेबलाकडे किंवा मागे भिंतीकडे असेल, तर आपल्या वाट्याला येते ते त्याचे परावर्तन : क्षीण, पसरट, किंचित उशिरा आलेले. आणि आपल्या घरांचा विचार करा. गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती, डोक्यावर पंखा, आत कुकरची शिट्टी. वर्गखोली तर याहून कठीण. तिथे पडदे नाहीत, गाद्या नाहीत, चारी बाजूंनी ध्वनी परतून येतो. एका उच्चाराची शेपटी दुसऱ्या उच्चाराच्या डोक्यावर पडते.

आता इथे भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. उच्चारात जोर असतो तो मुख्यतः स्वरांचा. अर्थाची फोड होते ती बव्हंशी व्यंजनांनी. स्वरांची शक्ती खालच्या आणि मधल्या कंपनांत एकवटलेली असते. व्यंजनांना, विशेषतः घर्षक आणि महाप्राण ध्वनींना, ओळख मिळते ती वरच्या पट्टीतल्या क्षीण सळसळीतून. ‘स’ची सळसळ साधारणपणे दर सेकंदाला ४,००० कंपनांच्या वरची असते, ‘श’ची त्याच्या खालून सुरू होते. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचाच ध्वनी जात असे. म्हणून आपण नाव सांगताना ‘स सशाचा’, ‘फ फणसाचा’ असा खुलासा करत असू. साप आणि शाप, सात आणि साथ, पळ आणि फळ या जोड्यांतला फरक हा असा वरच्या टोकावर, एका पुसट फुंकरीवर उभा आहे. मराठीत तर याहून नाजूक प्रकार आहे. ‘जरा’ हा शब्द दंततालव्य ‘ज’ने उच्चारला तर त्याचा अर्थ किंचित, आणि तालव्य ‘ज’ने उच्चारला तर वार्धक्य. लिपी हा भेद दाखवत नाही. तो फक्त कानाला कळतो. म्हणजे आपल्या भाषेतले काही अर्थ केवळ ध्वनीच्या भरवशावर सोडलेले आहेत, आणि आपण ते ज्या यंत्राच्या स्वाधीन करत आहोत त्याचे तोंड भिंतीकडे आहे.

वाढत्या वयाबरोबर कान मंदावतो तोही याच वरच्या टोकापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीनंतरच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना व्यवहारात अडचण यावी इतकी श्रवणहानी झालेली असते. त्याहून सौम्य मंदपणा तर किती घरांत असेल. अशा माणसाला कोणीतरी बोलत आहे हे नीट ऐकू येते, काय बोलत आहे ते कळत नाही. कानाने जे सोडायला सुरुवात केली आहे नेमके तेच यंत्रही गाळते. आवाज वाढवावा तर स्वर वाढतात, पार्श्वसंगीत वाढते, व्यंजन त्यांच्याखाली पूर्वीइतकेच झाकलेले राहते. आणि छोटा स्पीकर ताणला की फाटू लागतो. आजी-आजोबांच्या टीव्हीचा आवाज मोठा असतो यावर घराघरांत विनोद होतात. त्या विनोदाचा धनी बहुतेक वेळा चुकीचा निवडलेला असतो.

यात ध्वनीच्या जुळणीचाही भाग आहे, हे मान्य केले पाहिजे. आजच्या पुष्कळ चित्रपटांच्या आणि मालिकांच्या ध्वनीची जुळणी ‘५.१’ नावाच्या सहा वाटांच्या पद्धतीने होते. त्यात संवाद बव्हंशी मधल्या वाटेला, म्हणजे पडद्याच्या मध्यभागी असलेल्या स्वतंत्र स्पीकरला दिलेला असतो. संगीत आणि इतर आवाज मुख्यतः आजूबाजूला. घरच्या संचात मधला स्पीकर बहुधा नसतोच. सगळ्या वाटा दोन अरुंद तोंडांतून बाहेर काढाव्या लागतात, आणि त्या रेटारेटीत जो मुळात हळू बोलतो तो मागे पडतो. बीबीसीने २०१४ साली ‘जमैका इन’ ही मालिका दाखवली तेव्हा संवाद कळत नाहीत अशा दोन हजारांहून अधिक तक्रारी आल्या होत्या. क्रिस्टोफर नोलनच्या ‘टेनेट’विषयी २०२० साली हीच कुरकुर चित्रपटगृहात बसलेल्यांनीही केली. तेव्हा सगळे खापर एका स्पीकरवर फोडणे योग्य नव्हे. अभिनयाची पद्धत बदलली आहे, पुटपुटणे म्हणजेच वास्तव असा एक समज रुजला आहे, ध्वनिसंयोजक उत्तम स्टुडिओत बसून जुळणी करतात. हे सगळे खरे. परंतु दिग्दर्शकाने पुटपुटायला सांगितले तर तो एक कलात्मक निर्णय असतो. त्याच्याशी वाद घालता येतो. स्पष्ट उच्चारलेला संवाद यंत्राने पुटपुटून सांगितला, तर वाद घालायचा कोणाशी?

चित्राच्या बाबतीत काय झाले ते यासोबत पाहण्यासारखे आहे. जुन्या प्रक्षेपणाचे चित्र आजच्या हिशेबात सुमारे ४ लाख ठिपक्यांचे होते. ‘फुल एचडी’त ते २० लाखांवर गेले, ‘फोर-के’त ८२ लाखांच्या पुढे. म्हणजे चित्र वीसपट बारीक झाले. दुकानात विक्रेता हे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो. आवाजाचे विचाराल तर ‘२० वॅट’ म्हणतो, आणि वॅट हे स्पष्टतेचे माप नाही हे त्यालाही ठाऊक नसते. शिवाय दुकानात आवाज बंद करूनच संच मांडलेले असतात. ओळीने वीस पडदे, सगळ्यांवर कुठल्याशा परदेशी समुद्रातले रंगीत मासे. मासे बोलत नाहीत, त्यामुळे कोणाची अडचण होत नाही.

आपल्या परंपरेत दृश्य आणि श्रव्य यांची अशी फारकत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याच्या उत्पत्तीची जी कथा आहे, तीत देव ब्रह्मदेवाकडे एक खेळणे मागतात. ते कसे हवे, तर पाहण्यासारखेही आणि ऐकण्यासारखेही. त्याच ग्रंथात वाचिक अभिनयाचा तपशीलवार विचार आहे. ‘काकु’ ही संज्ञा आपण विद्यार्थ्यांना शिकवतो : स्वराच्या केवळ बदलाने विधानाचा प्रश्न होतो, होकाराचा नकार होतो. मराठी रंगभूमीने हा विचार आपल्या पद्धतीने जोपासला. ‘शब्दफेक’ हा तिचा शब्द आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाने तिकीट काढले आहे, त्याला शब्द पोचलाच पाहिजे, ही तिथली साधी नीती. विनाकारण प्रेक्षकांकडे पाठ करून बोलणे हा नवशिक्या नटाचा पहिला दोष मानला जाई. डॉ. श्रीराम लागू हे पेशाने कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते, हे आपण एक गमतीदार योगायोग म्हणून सांगतो. पण उच्चार घडतो कुठे आणि तो जातो कुठे, या दोन्ही टोकांचे ज्ञान असलेल्या माणसाने मराठी रंगभूमीवर आवाजाचा एक मानदंड उभा केला, याकडे योगायोगापलीकडे पाहायला हरकत नाही. आता त्या नटाचे मुद्रण आपण अशा संचावर पाहतो, जो खुद्द नवशिक्या नटासारखा आपल्याकडे पाठ करून बोलतो.

माझ्या वर्गात नेमके काय हरवले ते सांगते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ साली रंगभूमीवर आणले. वेळ घालवण्यासाठी मांडलेला एक खोटा खटला हळूहळू खऱ्या छळात बदलतो, ही त्याची घडण. हा बदल कुठे होतो? शब्द बराच काळ खेळातलेच राहतात. बदलतो तो सूर. सुखात्म्यांचा वकिली आव, काशीकरांचा वडिलकीचा सूर, सामंताचा भाबडेपणा आणि या सर्वांमध्ये बेणारेबाईंच्या खेळकर आवाजाला पडत जाणारी चीर. ती चेहऱ्यावर दिसण्याआधी कानाला कळते. तेंडुलकरांचा विराम हा तर अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. तुटलेली वाक्ये, मध्येच सोडलेले शब्द, आणि त्यांच्यामधली शांतता. या शांततेला अर्थ येतो तो आधीचा आणि नंतरचा शब्द स्वच्छ ऐकू आल्यामुळे. दोन्हीकडचे शब्दच गढूळ झाले तर मधला विराम हा विराम राहत नाही; ती नुसती पोकळी होते.

आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना नाटक पाहून झाल्यावर मी टिपण लिहायला सांगितले होते. त्यांतल्या निम्म्याअधिक जणांनी कोणाच्या ना कोणाच्या आवाजाविषयी काहीतरी लिहिले होते. एका मुलीने सुखात्मे ‘गोड बोलून ओरबाडतात’ असे म्हटले होते. नव्या टीव्हीवर पाहणाऱ्या वर्गाने वेशभूषा, हावभाव आणि प्रकाशयोजना यांविषयी लिहिले, चांगले लिहिले. आवाजाविषयी एक ओळ नव्हती. दोन लहान वर्गांवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. पण समीक्षा अनुभवातून येते, आणि जे अनुभवाला आलेच नाही त्याची समीक्षा होणार नाही, एवढे तर यावरून म्हणता येईल. दृश्य आणि श्रव्य अशी दोन अंगे असलेल्या कलेचे एक अंग आम्ही त्यांना दिलेच नाही, आणि परीक्षेत वाचिक अभिनयावर दहा गुणांचा प्रश्न मात्र घातला.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की लोकांनाच पातळ आणि स्वस्त टीव्ही हवा असतो. ज्याला आवाज हवा त्याने साउंडबार घ्यावा. व्यवहारात मीही हाच सल्ला देते. पण या सल्ल्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पडदा हे मुख्य, शब्द ही वेगळे पैसे मोजून घ्यायची जोडवस्तू. ज्याच्यापाशी ते पैसे नाहीत, म्हणजे एकटी राहणारी पेन्शनवरची म्हातारी, वसतिगृहातली मुले, आमच्यासारखे विभाग, त्यांनी चित्रे बघावीत. चष्म्याच्या दुकानात कोणी चौकट विकून ‘काचा वेगळ्या मिळतील’ असे म्हटले तर आपण ते मान्य करणार नाही. शिवाय जागा नाही हे कारणही पुरते खरे नाही. सोनी या कंपनीने २०१७ साली असा संच बाजारात आणला, ज्यात खुद्द पडदाच कंप पावून ध्वनी निर्माण करतो; आवाज थेट बोलणाऱ्याच्या चित्रातून येतो. म्हणजे पातळ संचातही समोरून बोलता येते. फक्त ती करामत महागड्या संचांसाठी राखून ठेवलेली असते.

दुसरा आक्षेप सबटायटल्सचा. ती आहेत, मग बिघडले कुठे? सबटायटल्सना माझा विरोध नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा तो हक्क आहे, आणि मराठी कार्यक्रमांना मराठी सबटायटल्स सर्रास असायला हवीत. परंतु आजची स्थिती अशी, की इंटरनेटवरच्या मंचांवर मराठी चित्रपटाखाली जी ओळ येते ती बहुधा इंग्रजी असते. मराठी संवाद कळावा म्हणून मराठी विद्यार्थी इंग्रजी भाषांतर वाचतो, हे दृश्य मी माझ्याच घरात पाहिले आहे. माझा मुलगा वऱ्हाडी बोलीतला एक विनोद खालची इंग्रजी ओळ वाचून हसला. विनोद त्या ओळीत नव्हता. हसण्याची जागा तेवढी होती. प्रमाण मराठीपासून जरा दूर असलेली प्रत्येक बोली या यंत्रावर आधी अस्पष्ट होते आणि मग ‘कळत नाही’ म्हणून बाजूला पडते, ही शक्यता आपण गंभीरपणे घ्यायला हवी. परिचित शब्द अर्धवट ऐकू आला तरी मन तो पुरा करून घेते. अपरिचित शब्दाला ही सवलत नसते. वर्गात शहरी मुलीने अहिराणी किंवा मालवणी प्रथमच ऐकायची, तर ती अधिक स्वच्छ ऐकू यायला हवी. आपण तिला ती सर्वांत गढूळ करून देतो.

तिसरा आक्षेप जरा बोचरा आहे. तुम्ही नाटकाचे शिक्षक, मुलांना नाट्यगृहात का नेत नाही? नेतो. पण आमच्या गावाहून बऱ्यापैकी नाट्यगृह दोन तासांवर आहे, तिकीट आणि बसभाडे मिळून होणारा खर्च निम्म्या मुलांना परवडत नाही, आणि १९६७ सालचा किंवा १९८५ सालचा प्रयोग आता कोणत्याच नाट्यगृहात होणार नाही. तो पाहायचा तर मुद्रणातच. त्यामुळे हा संच आमच्यासाठी चैनीची वस्तू नसून ग्रंथालयाचा भाग आहे. ग्रंथालयात प्रत्येक पानावरची काही अक्षरे पुसलेला ग्रंथ आला, तर आपण तो परत पाठवतो. इथे मात्र आपण विद्यार्थ्यांना डोळे ताणायला सांगतो.

करता येण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. संचाच्या सेटिंगमध्ये ध्वनीचे प्रकार दिलेले असतात. त्यांत ‘सराउंड’ किंवा ‘सिनेमा’ बंद करून संवादासाठी किंवा बातम्यांसाठी असलेला प्रकार निवडावा. संच भिंतीला टांगला असेल तर त्याच्या खाली कापडी, जाड काहीतरी असू नये. पोचायचा तोही ध्वनी ते गिळते. साधे जुने दोन स्पीकर मिळाले तरी त्यांची तोंडे श्रोत्यांकडे करून, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीला ठेवावेत. नवा संच घेताना आपल्या ओळखीच्या नाटकातला किंवा भाषणातला एक तुकडा मोबाइलवर न्यावा, विक्रेत्याला मासे बंद करायला सांगावे, आणि डोळे मिटून तो तुकडा ऐकावा. विक्रेता चमत्कारिक नजरेने पाहील. पाहू द्यावे. आणि घरातले वडीलधारे माणूस ‘मला ऐकू येत नाही’ म्हणाले, तर डॉक्टरांकडे अवश्य न्यावे. पण त्याच दिवशी टीव्हीच्या पाठीमागे जाऊन स्पीकरचे तोंड कुठे आहे तेही पाहावे.

आमच्या विभागाचे म्हणाल, तर टीव्हीच्या मागणीपत्रकाची प्रत मी कार्यालयातून मागवून पाहिली. पडद्याचा आकार, चित्राचा दर्जा, हमी, बसवण्याचा खर्च असे रकाने होते. आवाज हा रकाना नव्हता. तो छापील नमुन्यातच नाही. आणि त्या पत्रकावर माझीही सही होती. यंदा दोन स्पीकरांची मागणी करताना मी तो रकाना पेनने आखला. लेखाधिकाऱ्यांनी ‘हा खर्च मूळ वस्तूत का धरला नव्हता?’ असा शेरा मारून पत्रक परत पाठवले. शेरा योग्यच होता. मी तेच उत्तर म्हणून लिहिले, आणि दोन महिन्यांनी स्पीकर आले.

दुसऱ्या सत्रात त्याच वर्गाला तेच मुद्रण मी पुन्हा दाखवले. सबटायटल्सचा विषय निघाला नाही. बेणारेबाईंचे शेवटचे दीर्घ स्वगत सुरू झाले, भोवतालची पात्रे निश्चल झाली, आणि वर्गातही कोणी हलले नाही. दिवे लावल्यावर मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, हे सगळं त्या खरंच मोठ्यानं बोलतात, की मनातल्या मनात? कारण इथे त्यांचा आवाज आधीच्या आवाजासारखा नाही.’’ पुढचे दोन तास आम्ही त्याच प्रश्नावर घालवले.